मॅक्रो बंद असताना फाइलने गप्प बसता कामा नये

मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालणारी एक्सेल फाइल स्वतःच्या वापरासाठी बनवणे आणि तीच फाइल दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही दोन निराळी कामे आहेत. स्वतःच्या फाइलमध्ये कोणत्या सेलला हात लावायचा नाही, कोणते बटण आधी दाबायचे, तारीख कशी लिहायची हे सगळे आपल्या डोक्यात असते आणि फाइलला ते माहीत नसले तरी आपले काम अडत नाही. फाइल दुसऱ्याकडे गेली की आपले डोके काही तिच्यासोबत जात नाही. त्यामुळे जे आपल्याला ठाऊक आहे ते फाइललाही ठाऊक करून द्यावे लागते, आणि या कामाला मूळ मॅक्रो लिहिण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी मी साठ्याची नोंदवही एक्सेलमध्ये तयार करून दिली होती. आवक किंवा जावक लिहिली की मॅक्रो आपोआप चालून त्या ओळीला अनुक्रमांक देई, वस्तूचे नाव यादीशी ताडून पाही आणि शिल्लक बदले. नोंदी करणाऱ्या बाईंना एक्सेलची फारशी सवय नव्हती, पण त्यांचे काम अतिशय नेटके असे. एका महिन्याच्या अखेरीस प्रत्यक्ष मोजणी आणि फाइलमधली शिल्लक यांचा मेळ बसेना, तेव्हा मला बोलावले गेले. शोधत गेल्यावर कळले की नऊ दिवस एकही मॅक्रो चाललेला नव्हता. बाईंनी फाइल नव्या फोल्डरमध्ये हलवली होती. एक्सेल एखाद्या फाइलवरचा विश्वास तिच्या जागेनिशी लक्षात ठेवते, त्यामुळे जागा बदलल्यावर मॅक्रो चालू करायचे का हे विचारणारी पिवळी पट्टी पुन्हा आली, आणि बाईंनी ती बंद केली. धोक्याची सूचना आली तर होकार देऊ नये, असेच त्यांना शिकवलेले होते. ‘‘अनुक्रमांक येईना, म्हणून मी हातानेच लिहीत गेले,’’ त्या म्हणाल्या. शिल्लक मात्र नऊ दिवसांपूर्वीच्या आकड्यावर थांबलेली होती आणि शीटवर ती इतर आकड्यांइतकीच खरी दिसत होती.

यात बाईंची कोणतीही चूक नव्हती. त्यांनी सूचना वाचली, सावधपणे निर्णय घेतला आणि काम थांबू दिले नाही. चूक फाइलची होती, कारण तिचा अर्धा भाग बंद पडलेला असतानाही ती पूर्वीसारखीच दिसत राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलला एकच प्रश्न आधी विचारतो: इथे काही बिघडले तर ते ताबडतोब आणि स्पष्ट दिसेल का? बंद पडणारी फाइल परवडते, कारण माणूस फोन करतो. चुकीचा आकडा शांतपणे दाखवणाऱ्या फाइलबद्दल कोणीही फोन करत नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या नोंदींबाबत हेच झाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती, त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात, आणि मर्यादेबाहेरच्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही त्यामुळे लांबला.

मॅक्रो बंद असण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा वाढली आहे, आणि त्यामागचे कारण योग्यच आहे. १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा आली, दोन-तीन वर्षांतच मॅक्रोमधून पसरणारे विषाणू आले आणि १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाच्या विषाणूने ईमेलमधून जगभर धुमाकूळ घातला. पुढे मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोजवरच्या ऑफिसमध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो थेट रोखायला सुरुवात केली. ईमेलमधून किंवा संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते. ती खूण असली की पिवळ्या पट्टीऐवजी लाल पट्टी येते आणि त्या पट्टीवर मॅक्रो चालू करण्याचे बटणच नसते. वापरणाऱ्याने फाइल बंद करून, तिच्यावर उजवी क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ या चौकोनात खूण करावी लागते. नवख्या माणसाला ही वाट आपसूक सापडणे शक्य नाही. म्हणून फाइल ईमेलने न पाठवता कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी आणि तो फोल्डर एक्सेलच्या विश्वासार्ह जागांच्या यादीत घालून घ्यावा, किंवा मॅक्रोवर डिजिटल स्वाक्षरी करून ती त्या संगणकांवर मान्य करून घ्यावी. ‘सगळे मॅक्रो चालू’ ही सेटिंग कोणाच्याही संगणकावर कधीही लावू नये. आपली एक फाइल चालावी म्हणून त्या माणसाच्या संगणकाचे दार सगळ्यांसाठी उघडे टाकणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी मॅक्रो बंद राहतीलच, असे धरून चालावे. यावर जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे स्वागताची शीट. फाइलमध्ये एक साधी शीट ठेवायची, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे की मॅक्रो बंद आहेत, काम सुरू करू नका, आणि पुढे काय करायचे ते चित्रासह दाखवायचे. बाकीच्या सगळ्या शीट्स ‘व्हेरी हिडन’ करून ठेवायच्या. साधी लपवलेली शीट उजव्या क्लिकने कोणीही उघडू शकतो, पण ही शीट त्या यादीत दिसतच नाही; तिला कोडनेच किंवा कोडच्या खिडकीतूनच बाहेर काढावे लागते. फाइल उघडताना चालणारा मॅक्रो स्वागताची शीट लपवतो आणि कामाच्या शीट्स दाखवतो. मॅक्रो चाललाच नाही, तर माणसासमोर सूचनेखेरीज काहीही उरत नाही. शिफ्टची कळ दाबून धरून फाइल उघडल्यास उघडतानाचा मॅक्रो चालत नाही, पण तेव्हाही पुढ्यात स्वागताचीच शीट येते.

ही युक्ती सांगायला सोपी असली तरी ती अमलात आणताना बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. शीट्स पुन्हा लपवण्याचे काम ते फाइल बंद होतानाच्या मॅक्रोत लिहितात. पण एक्सेल आधी तो मॅक्रो चालवते आणि मगच ‘बदल सेव्ह करायचे का’ असे विचारते. माणसाने तिथे ‘कॅन्सल’ दाबले की फाइल उघडीच राहते, शीट्स मात्र लपलेल्या असतात आणि समोर दिसते ती ‘मॅक्रो बंद आहेत’ अशी आता साफ खोटी ठरलेली सूचना. शिवाय त्याने ‘सेव्ह करू नका’ म्हटले, तर डिस्कवरच्या फाइलमध्ये मागच्या सेव्हच्या वेळची उघडी अवस्था तशीच राहते. म्हणून लपवणे सेव्ह होण्याआधी आणि दाखवणे सेव्ह झाल्यावर लगेच, हाच बरोबर क्रम आहे. डिस्कवरची प्रत नेहमी झाकलेली असते आणि पडद्यावरची उघडी. सेव्ह झाल्यानंतर आपोआप मॅक्रो चालवणारी घटना (इव्हेंट) एक्सेल २०१० पासून मिळते, त्यामुळे हे आता फार अवघड राहिलेले नाही. शीट्स पुन्हा दाखवल्यानंतर फाइल ‘सेव्ह झालेली आहे’ असे कोडने नमूद करायचे, नाहीतर बंद करताना विनाकारण पुन्हा विचारणा होते. माणूस ज्या शीटवर, ज्या सेलवर होता तिथेच त्याला परत आणून सोडायचे. हे न केल्यास प्रत्येक सेव्हनंतर तो पहिल्या शीटवर फेकला जातो आणि आपले काम गेले असे समजून घाबरतो. वर्कबुकची रचना पासवर्डने बंद केली असेल तर कोडलाही शीट लपवता येत नाही, म्हणून आधी ती उघडून काम झाल्यावर पुन्हा बंद करावी लागते. फाइल ढगावर (क्लाउडवर) असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल, तर हा सगळा प्रकार काम चालू असतानाच वारंवार घडू लागतो. अशा फाइलसाठी मी उघडतानाच ऑटोसेव्ह बंद करतो आणि सेव्हचे मोठे बटण समोर ठेवतो.

फोनवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही. स्वागताच्या शीटवर तसे एक वाक्य असले की माणूस संगणकाकडे वळतो. दुसरा धोका ‘सेव्ह ॲज’चा. एक्सेल २००७ पासून एक्सएलएसएक्स या प्रकारात कोड राहू शकत नाही. कोणी त्या प्रकारात सेव्ह करू लागला तर एक्सेल विचारते खरे, पण तो प्रश्न इतका लांब आणि तांत्रिक आहे की नवखा माणूस ‘येस’ दाबून मोकळा होतो आणि सगळा कोड गेलेला असतो. सेव्ह होण्याआधीच्या मॅक्रोत ‘सेव्ह ॲज’ ओळखून आपलीच खिडकी दाखवावी आणि तीत कोडसह सेव्ह होणारा एक्सएलएसएम हा एकच प्रकार ठेवावा.

आता माणूस आत आला आणि नोंदी करू लागला, असे समजू. ड्रॉपडाउन आणि डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय लिहू द्यायचे हे ठरवणारी एक्सेलची तपासणी) यांच्यावर लोकांचा फार भरवसा असतो, पण ती तपासणी टंकलेल्या मजकुरापुरतीच आहे. दुसरीकडून कॉपी केलेला सेल पेस्ट केला की चुकीची किंमत तर आत येतेच, शिवाय त्या सेलवरची तपासणीही पुसली जाते. कट-पेस्ट त्याहून घातक आहे. एखाद्या सेलचा आधार दुसऱ्या सूत्राने घेतलेला असेल आणि त्याच्यावर दुसरा सेल कट करून आणून ठेवला, तर त्या सूत्रात ‘रेफ’ची, म्हणजे आधाराचा सेल हरवल्याची, एरर येते, शीटला संरक्षण असले तरीही, कारण नोंदीचे सेल उघडे असतात. म्हणून खरी तपासणी कोडमध्येच करावी आणि तीही नोंद मुख्य वहीत जाण्याच्या क्षणी, म्हणजे मजकूर कुठल्याही वाटेने आलेला असो, दार एकच राहते. बदल टिपणारा मॅक्रो लिहिताना बदल एकाच सेलमध्ये होईल असे मुळीच धरू नये. माणूस दहा सेल निवडून डिलीट दाबतो, आणि ज्या कोडने एकाच किमतीची अपेक्षा ठेवलेली असते तो तेरा क्रमांकाची एरर देऊन थांबतो.

शीटच्या संरक्षणाबाबत एक अनुभव बहुतेकांना येतो. शीट माणसासाठी बंद आणि मॅक्रोसाठी उघडी ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये आहे. ती लावली, चालवून पाहिली, उत्तम चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर मॅक्रो पहिल्याच ओळीवर अडतो. ही सोय फाइलसोबत सेव्ह होत नाही, तिला प्रत्येक वेळी उघडताना नव्याने लावावे लागते. आणि हे संरक्षण चुकून हात लागू नये यासाठी असते. गुपिते लपवण्याइतके ते मजबूत नाही, त्यामुळे पगार किंवा वैयक्तिक माहिती तेवढ्याच्या भरवशावर ठेवू नये.

कोड लिहिताना शीटच्या टॅबवरचे नाव वापरू नये. कोणीतरी ते नाव बदलते, अगदी शेवटी एक स्पेस टाकते, आणि नऊ क्रमांकाची एरर येते. प्रत्येक शीटला कोडच्या खिडकीत एक आतले नाव असते, ते टॅब बदलला तरी तसेच राहते. हीच गोष्ट सेलच्या पत्त्यांची. वर एक ओळ घातली की सूत्रांमधले पत्ते आपोआप सरकतात, कोडमध्ये अवतरणात लिहिलेला ‘डी ७’ मात्र तिथेच राहतो आणि मॅक्रो शेजारच्या आकड्यावर काम करू लागतो. महत्त्वाच्या सेलना नावे द्यावीत आणि कोडने त्या नावांनीच त्यांना हाक मारावी. ओळी मोजणारा चल (व्हेरिएबल) ‘इंटिजर’ ऐवजी ‘लाँग’ या मोठ्या संख्यांच्या प्रकारचा ठेवावा, कारण इंटिजरची झेप ३२,७६७ पर्यंतच असते आणि वही दोन-तीन वर्षे नीट चालून एके दिवशी अचानक थांबते.

तारखांबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इतकी शांत चूक मी दुसरी पाहिलेली नाही. फॉर्ममधल्या चौकटीत माणूस ५ जून ही तारीख ०५/०६ आणि पुढे वर्ष अशी लिहितो. मॅक्रो तो मजकूर जसाच्या तसा सेलमध्ये ठेवतो. संगणकाची तारखेची पद्धत दिवस आधी अशी असली, तरी व्हीबीएकडून मजकूर म्हणून आलेली तारीख एक्सेल अमेरिकी पद्धतीने वाचते, आणि सेलमध्ये ६ मे उमटते. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे ही उलटापालट होऊ शकत नाही. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्याच नोंदी चुकतात आणि उरलेल्या बरोबर राहतात, आणि वीस तारखेला चाचणी घेणाऱ्याला काहीही सापडत नाही. उपाय असा की दिवस, महिना आणि वर्ष वेगळे घेऊन त्यांची तारीख कोडने स्वतः जुळवायची आणि मगच सेलमध्ये ठेवायची. नोंद झाल्यावर महिन्याचे नाव अक्षरांत दिसेल असे स्वरूप त्या सेलला द्यावे, म्हणजे चूक झालीच तर लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे दिसते.

एरर आल्यावर व्हीबीएची जी खिडकी येते ती नवख्या माणसाच्या दृष्टीला कधीच पडू नये. तो ‘डीबग’ दाबतो आणि पिवळ्या ओळीसमोर येऊन पडतो, किंवा ‘एंड’ दाबतो आणि स्मृतीतल्या सगळ्या किमती पुसल्या जातात. प्रत्येक बटणामागच्या मॅक्रोला एररची वाट असावी आणि ती वाट एकाच दारातून बाहेर पडावी, कारण त्या दारात एक फार महत्त्वाचे काम असते: मॅक्रोच्या सुरुवातीला बंद केलेल्या घटना पुन्हा चालू करणे. ते राहिले, तर एक्सेल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत बदल टिपणारा कोणताही मॅक्रो चालत नाही, त्या वेळी उघड्या असलेल्या दुसऱ्या फाइलींमध्येसुद्धा. मॅक्रो चालू असूनही मॅक्रो बंद असल्यासारखी ही अवस्था आहे आणि स्वागताची शीटही इथे काही करू शकत नाही. संदेशात काय झाले, तुमची नोंद राहिली की गेली आणि आता काय करावे, एवढे साध्या भाषेत असावे. त्यातले मधले वाक्य माणसाला सर्वांत आधी हवे असते.

मॅक्रोने शीटवर काही बदलले की कंट्रोल-झेडची यादी रिकामी होते, हे नवख्याला माहीत नसते आणि माहीत असायची अपेक्षाही धरू नये. म्हणून मोठ्या बदलाआधी मॅक्रो फाइलची तारीख-वेळेसह एक प्रत बाजूला ठेवतो, आणि पुसण्याऐवजी नोंदीवर ‘रद्द’ असा शेरा मारतो. खात्री विचारणाऱ्या खिडकीत ‘नाही’ हे बटण आधीपासून निवडलेले असावे. पुष्कळांना प्रत्येक बटण दोनदा दाबायची सवय असते, तेव्हा एकच नोंद दोनदा वहीत गेली नाही ना, हे अनुक्रमांकावरून तपासावे.

त्या साठ्याच्या वहीची पुढची आवृत्ती करताना मी शिल्लक काढण्याचे काम मॅक्रोकडून काढून सूत्रांकडे दिले. सूत्रे मॅक्रो बंद असतानाही चालतात, आणि जे काम सूत्राने होते त्यासाठी कोड लिहिणे म्हणजे बिघडण्याची एक जागा वाढवणे. मॅक्रोकडे उरले ते फक्त तपासणे, नोंद वहीत नेणे आणि महिना बदलणे.

फाइल देण्यापूर्वी मी त्या बाईंना ती एकही शब्द न सांगता वापरायला दिली आणि मागे खुर्ची घेऊन बसलो. पहिला अर्धा तास काही अडले नाही. मग त्यांनी फाइल बंद केली, तिची प्रत काढली, प्रतीला पुढच्या महिन्याचे नाव दिले आणि ती उघडली. माझ्या कोडमध्ये एका ठिकाणी फाइलचे जुने नाव लिहिलेले होते, आणि नवी नोंद एरर देऊन थांबली, कारण जुनी फाइल बंद होती. ती उघडी असती तर नोंद मुकाट्याने तिच्यात गेली असती. ‘‘नवा महिना असाच सुरू करायचा ना?’’ त्यांनी विचारले. त्या दिवशी मी ते नाव काढून ‘हीच फाइल’ असा अर्थ सांगणारा ‘धिस वर्कबुक’ सगळीकडे घातला, आणि पहिल्या शीटवर ‘नवा महिना सुरू करा’ असे एक बटण वाढवले.